दुकानदाराच्या घरात रोख मदत गेली की ती नेमकं काय काम करते

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला येऊन स्थिरावलेल्या लोकांच्या मंडळाने यंदा गावातल्या १२ कुटुंबांना प्रत्येकी ३०,००० रुपये द्यायचं ठरवलंय. यादीत छोटं किराणा दुकान चालवणारं एक कुटुंब आहे: नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, म्हातारी आई. या एका नावावरून मंडळात तट पडले. काही म्हणतात, ज्याचं दुकान आहे त्याला मदत कशाला? काही म्हणतात, द्यायचीच तर दुकानात माल भरून द्या, रोख दिली तर पैसे घरातच जिरून जातील. विचारणाऱ्यांचा कल रोख देण्याकडे आहे, पण त्याने त्या घराचं नेमकं काय भलं होईल हे मंडळाला कसं पटवायचं, असं ते विचारतात.

मी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत २२ वर्षं बचत गटांबरोबर काम करते. गटातल्या कितीतरी बायकांच्या घरी असंच ओसरीवरचं नाहीतर रस्त्याकडेचं पत्र्याचं दुकान आहे, त्यामुळे या दुकानांच्या वह्या मी शेकड्याने चाळल्या आहेत. उत्तर आधीच सांगते. द्या, रोख द्या, घरातल्या बाईच्या खात्यावर द्या. माल भरून देऊ नका.

आधी ‘दुकान आहे म्हणजे पैसा आहे’ या समजाबद्दल. असं म्हणणाऱ्यांना एकदा त्या दुकानात उभं राहून वरच्या दोन फळ्यांकडे बघायला सांगा. साबणाची, बिस्किटांची, चहाची खोकी ओळीने लावलेली दिसतील. त्यातली बरीचशी रिकामी असतात. छापील बाजू गिऱ्हाइकाकडे, फाडलेली बाजू भिंतीकडे. दुकान भरलेलं दिसलं नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, म्हणून ही सोय. खरा माल असतो तो हाताच्या उंचीवरच्या बरण्यांत, दोन-तीन कट्ट्यांत आणि दोरीला लटकवलेल्या पुड्यांच्या माळांत. आणि जवळजवळ तितकंच भांडवल वहीत अडकलेलं असतं. ४०,००० चा माल दुकानात आणि ३०-३५,००० ची बाकी गावात, हे मी अगदी नेहमी पाहिलंय.

ही बाकी आळसाने राहिलेली नसते. मृगापासून पोळ्यापर्यंत आमच्याकडे कुणाच्याच हातात पैसा नसतो. जो होता तो बी-खतात गेलेला, सोयाबीन यायला दसरा उजाडणार. तोवर गाव दुकानावर जगतं. ऊसतोडीला जाणारी घरं मुकादमाची उचल मिळाली की निघण्याआधी हिशेब चुकता करतात. ज्यांना जमत नाही त्यांची बाकी पाडव्यापर्यंत तशीच राहते. म्हणजे पावसाळाभर गावाच्या पोटाचा भार त्या एका पत्र्याच्या दुकानाने उचललेला असतो, बिनव्याजी. सावकार व्याज लावतो, बचत गट लावतो, फायनान्सवाला लावतो. किराणा दुकानदार लावत नाही. लावलं तर गिऱ्हाईक तुटतं. म्हणून मंडळाने या कुटुंबाला गरिबांच्या यादीत घातलं ते योग्यच केलं, आणि एका अर्थी गावातल्या इतर घरांनाही त्यातून मदत होणार आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि तो सगळा गल्ल्याचा आहे.

लहान दुकानात घराचे आणि धंद्याचे पैसे एकाच लाकडी पेटीत असतात. मुलाला वही हवी, गल्ल्यातून. आईची रक्तदाबाची गोळी, गल्ल्यातून. तेल, साखर, चहापत्ती तर थेट फळीवरून, त्याची नोंदच होत नाही. समजायला सोपं जावं म्हणून गोल आकड्यांत हिशेब मांडते. रोजची विक्री २,५०० रुपये, त्यावर सरासरी १० टक्के सुटतात असं धरू. महिन्याचे ७,५०० झाले. पाच जणांच्या घराला खाणं, औषध, शाळा, वीज, लग्नकार्याचा आहेर असं सगळं धरून ९,००० लागतात. दर महिन्याला १,५०० ची तूट. ती कुठून भरते? मालातून. मालक म्हणतो, या खेपेला साखरेचा एकच कट्टा आणू. पुढच्या महिन्यात तेलाचा एक डबा कमी. दहा महिन्यांत १५,००० चा माल घराने खाल्लेला असतो आणि तो कधी खाल्ला हे कुणालाच सांगता येत नाही.

इथून पुढे घसरण वेगाने होते. माल कमी झाला की गिऱ्हाइकाला चार वस्तूंपैकी दोन मिळत नाहीत. दोन वस्तूंसाठी दुसरीकडे जायचंच तर चारही तिकडूनच घेतल्या जातात. विक्री २,५०० वरून २,००० वर आली की सुटणारे पैसे ६,००० वर येतात, घराचा खर्च मात्र ९,००० च राहतो. १,५०० ची तूट ३,००० होते. दुकान बंद पडलं की लोक म्हणतात उधारीने बुडालं. उधारीचा वाटा असतोच. पण मी पाहिलेली बहुतेक दुकानं घरखर्चाने आतून पोखरली गेली होती, आणि त्यात घरातल्या कुणाचीही चूक नव्हती. कमाईच तेवढी होती.

म्हणून घरात बाहेरून आलेला थोडासा रोख पैसा एक साधं काम करतो: गल्ल्यात जाणारा हात थांबवतो. वरच्या हिशेबातली १,५०० ची तूट दर महिन्याला बाहेरून भरली गेली तर दुकान वाढणार नाही, पण झिजणं थांबेल. दुकानदाराच्या घराला झिजणं थांबणं ही फार मोठी गोष्ट असते.

हे मला एका बाईने शिकवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यावर आले, तेव्हा आमच्या गटातल्या बहुतेकींनी मुलांचे कपडे, औषधं, हातउसने असं भागवलं. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर दुकान चालवणाऱ्या बाईने दुकानाच्या उधारीच्या वहीत स्वतःच्या नावाचं पान उघडलं. घरात फळीवरचं काही नेलं की ती त्या पानावर लिहायची, आणि दर महिन्याचे १,५०० आले की त्यातून गल्ल्यात भरायची. घर दुकानाचं गिऱ्हाईक झालं, आणि वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक झालं. सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा दुकानात डोळ्यात भरण्यासारखं नवं काही नव्हतं. पण ती आता अंबाजोगाईच्या मोंढ्यावरून साखर रोखीने आणत होती. उधारीवर घेतली की ठोक व्यापारी तिला ५० किलोच्या कट्ट्यामागे ५० रुपये जास्त लावायचा. किलोला जेमतेम तीन रुपये सुटणाऱ्या मालात हा एक रुपया परत तिच्या हातात आला होता. तेव्हापासून मी कुठल्याही दुकानदारणीला हिशेबाचं प्रशिक्षण देताना याच एका पानाने सुरुवात करते.

एक अडचण तिनेच सांगितली होती, ती मंडळाने लक्षात ठेवावी. सरकारी हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतोच असं नाही. कधी दोन महिन्यांचा एकदम येतो. आठवडी बाजाराला माल भरायचा असतो तेव्हा या ‘येईल’वर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही देणार असलेल्या पैशाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याची तारीख तुम्ही आधी सांगू शकता.

थोडं बाहेरच्या अभ्यासांबद्दल सांगते, कारण मंडळात कुणीतरी ‘पुरावा काय’ असं विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे.

आपल्या शेजारी श्रीलंकेत २००५ च्या सुमारास सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुडरफ या अर्थशास्त्रज्ञांनी अगदी लहान धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून मदत दिली. यातले जवळजवळ निम्मे दुकानदार होते. काहींना १०,००० श्रीलंकन रुपये, काहींना २०,०००. काहींना रोख, काहींना माल किंवा अवजारं. परत फेडायचं काही नाही. या वाढीव भांडवलावर महिन्याला साधारण ५ टक्के परतावा मिळाला. बँकेचं व्याज वर्षाला किती असतं ते आठवून हा आकडा वाचा. लहान धंद्यात पैसा कमी असतो म्हणूनच प्रत्येक जादा रुपयाला काम जास्त असतं, हे त्यातून दिसलं.

त्याच अभ्यासात बायकांच्या धंद्यांत मात्र वाढ जवळजवळ दिसली नाही. बरीच वर्षं याचा अर्थ ‘बायकांना पैसे देऊन उपयोग नाही’ असा लावला गेला, आणि मला त्याचा फार राग यायचा. पुढे भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासली. त्यांना दिसलं की बाईला दिलेला पैसा पुष्कळदा नवऱ्याच्या धंद्यात लागतो. जिथे घरात धंदा एकटीचाच होता तिथे तिचा परतावा पुरुषांइतकाच होता. आपल्या प्रश्नातल्या घरात दुकान एकच आहे. दुपारी तो माल आणायला किंवा रोजगाराला गेलेला असताना गल्ल्यावर तीच बसत असणार. तेव्हा तिच्या खात्यावर दिलेला पैसा दुकानापासून लांब जात नाही, आणि घरात तिच्या मताला वजन येतं, हा फायदा वेगळाच.

घानामधल्या एका प्रयोगाने माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध बाजू मांडली आहे, तीही सांगायला हवी. तिथे बायकांना रोख दिली तेव्हा ती बरीचशी घरखर्चात गेली. वस्तूच्या रूपाने दिली तेव्हा धंद्यात जास्त टिकली. ‘माल भरून द्या’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच आहे. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, किराणा हा असा धंदा आहे की त्यातला माल घराला थेट खाता येतो. शिलाई मशीन खाता येत नाही, तांदूळ येतो. घराची तूट तशीच राहिली तर तुम्ही भरून दिलेल्या फळीतून घर जेवेल आणि चार महिन्यांनी फळी पुन्हा रिकामी होईल. दुसरं, कोणता माल चालतो हे पुण्यात बसून कळत नाही. एका संस्थेने एका दुकानाला मोठ्या पाकिटातला शाम्पू आणि एक-एक किलोची डिटर्जंट पावडर भरून दिलेली मी पाहिली आहे. त्या वस्तीवर शाम्पूची एक रुपयाची पुडी विकली जाते. मोठी पाकिटं वर्षभर धूळ खात पडली, शेवटी खरेदीच्या निम्म्या भावात गेली. पैसे तिच्या हातात असते तर तिने तंबाखूच्या पुड्या, तेल आणि मुलांची बिस्किटं भरली असती, आणि ती आठ दिवसांत फिरली असती. तंबाखूबद्दल माझं मत वेगळं आहे. पण गिऱ्हाईक कशासाठी दुकानात पाऊल टाकतं ते तिला माहीत असतं.

इथे मेक्सिकोची एक गोष्ट सांगायचा मोह होतो, कारण ती थेट दुकानदाराची आहे. तिथल्या सरकारच्या एका अन्नसाहाय्य योजनेत काही गावांना धान्य-किराण्याची खोकी मिळाली, काहींना तेवढीच रोख. सुमारे २०० गावांत संशोधकांनी दुकानातले भाव तपासले. जिथे खोकी आली तिथे खाद्यपदार्थांचे भाव साधारण ४ टक्क्यांनी खाली आले. जिथे रोख आली तिथे भाव जवळजवळ हलले नाहीत. आडगावांत हा फरक आणखी मोठा होता. खाणाऱ्याच्या दृष्टीने भाव उतरणं चांगलंच. विकणाऱ्याच्या दृष्टीने विचार करा: ज्याचा सुटणारा पैसाच १० टक्के, त्याच्या मालाचा भाव ४ टक्क्यांनी उतरला. आपल्याकडे अतिवृष्टीनंतर शहरातून ट्रक भरून किटं येतात तेव्हा हेच होतं. मनापासून आलेली मदत असते, आणि पहिले आठ दिवस तिची गरजही असते. पण महिनाभर किटं येत राहिली की गावातल्या दुकानदाराच्या तांदळात पोरकिडे होतात. त्याचंही घर पाण्यात गेलेलं असतं, आणि त्याचा धंदा मदतीनेच बसतो. म्हणून उरलेल्या ११ कुटुंबांनाही किट न देता पैसे द्या, अशी माझी मंडळाला विनंती आहे. त्यातला काही भाग याच दुकानाच्या वहीतली बाकी फेडायला येईल.

हे निव्वळ माझं बोलणं नाही. केनियातल्या सिआया परगण्यात ६५३ गावांच्या परिसरात १०,५०० हून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी साधारण १,००० डॉलर मोबाइलवरून थेट देण्यात आले. नंतरच्या मोजणीत असं निघालं की दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरचा व्यवहार झाला. भाव वाढले ते सरासरी ०.१ टक्का. आणि ज्यांना एक पैसाही मिळाला नव्हता अशा दुकानदारांची विक्रीही वाढली, कारण शेजाऱ्यांच्या हातात पैसा आला होता. गावातल्या दुकानदाराला मदत दोन दारांनी येते. एक त्याच्या घराच्या मागच्या दाराने, दुसरी गिऱ्हाइकांच्या हातून पुढच्या दाराने. दोन्ही दारं एकाच महिन्यात उघडली तर काय होतं ते मी सणासुदीच्या आधी पाहिलं आहे: वहीतली पानंच्या पानं एका संध्याकाळी काट मारून रिकामी होतात.

सगळेच पैसे गावच्या दुकानात येत नाहीत, हेही खरं. मोठी खरेदी तालुक्याच्या गावी होते, साडी-भांडी तिकडेच घेतली जातात, आणि ज्याला बाकी फेडायची नसते तो हाती पैसा आल्यावर नेमका दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून पुढच्या दारावर विसंबू नका. त्या घराला त्याच्या नावचे पैसे द्याच.

पैसे दारूत जातील, ही शंका प्रत्येक बैठकीत येते. जगभरच्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र करून डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी तपासलं, तर रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या ८ गावांत ‘सेवा’ संस्थेने २०११ पासून प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. तिथेही घरांनी पैसे खाण्यावर, शाळेवर, शेळ्या-कोंबड्यांवर आणि कर्ज हलकं करण्यावर घातले. माझा अनुभव वेगळा नाही. ज्या घरात दारू आधीपासून होती तिथे ती राहिली, मदतीमुळे सुरू झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

कर्जाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण ३०,००० हातात आले की पहिली इच्छा असते सगळी देणी फेडून मोकळं व्हायची. चेन्नईतल्या आणि फिलिपिन्समधल्या बाजारातल्या विक्रेत्यांवर एक प्रयोग झाला होता. ते रोजच्या भांडवलासाठी सावकाराकडून अवाच्या सवा व्याजाने पैसे उचलायचे. संशोधकांनी काहींचं सगळं कर्ज एकरकमी फेडून टाकलं. काही काळाने बहुतेकजण पुन्हा कर्जात गेले. त्यांची अक्कल कमी होती असं मुळीच नाही. फेडून झाल्यावर हातात काही उरलं नव्हतं, आणि पहिलं आजारपण आलं की पुन्हा तेच दार ठोठवावं लागलं. म्हणून मी सांगते, सगळं फेडू नका. कोणतं कर्ज रोज टोचतं ते बघा. शेकडा पाचने घेतलेले १०,००० असतील तर ते आधी फेडा, कारण त्यावर महिन्याला ५०० जातात आणि तेवढेच दर महिन्याला वाचतात. बचत गटाचं कर्ज हप्त्याने फिटतंय, ते फिटू द्या. आणि पाच-सहा हजार बाईच्या खात्यावर तसेच पडू द्या. दवाखान्याची पहिली रात्र त्यावर निभावली तर गल्ला वाचतो.

ठोक व्यापाऱ्याचं देणं हा वेगळा प्रकार आहे आणि यात फसगत होते. मदत आल्याचं त्याच्या कानावर गेलं की तो जुनी बाकी एकदम मागतो. माणूस भिडस्त असतो, देऊन टाकतो, आणि पुढच्या आठवड्यात नवा माल भरायला हातात काही नसतं. त्याला सांगायचं की जुन्यातले थोडे-थोडे देईन, नवा माल रोखीने नेईन. रोखीचं गिऱ्हाईक कुणी तोडत नाही. हे वाक्य बोलायचं धैर्य दुकानदाराला कुणीतरी बरोबर बसून द्यावं लागतं, आणि तेवढं काम मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाने जरूर करावं.

आता प्रत्यक्ष द्यायचं कसं. खातं बाईच्या एकटीच्या नावाचं हवं, आणि त्या बँकेत घरातल्या कुणाचं थकलेलं कर्ज नको. थकबाकी असलेल्या खात्यातून बँकेने मदतीची रक्कम वळती करून घेतल्याची प्रकरणं मी निस्तरलेली आहेत. पैसे परत मिळवायला चार-चार महिने खेटे घालावे लागले. सरकारी मदत आधार जोडलेल्या खात्यात जाते आणि ते नेमकं कोणत्या बँकेत जोडलंय हे कित्येक बायकांना माहीत नसतं. तुम्ही थेट पाठवणार असल्याने तो घोळ नाही, पण पासबुक बघून खाते क्रमांक घ्या, तोंडी नको. आधी एक रुपया पाठवून पोहोचला का ते विचारा.

रक्कम एकदम की महिन्याला? या घरासाठी माझं उत्तर दोन भागांत आहे. २०,००० एकदम, गौरी-गणपतीच्या तीन आठवडे आधी, कारण त्या वेळी भरलेला गूळ, खोबरं, तेल आणि रवा दिवाळीपर्यंत दोन-तीनदा फिरतो. उरलेले १०,००० पुढच्या जूनपासून महिना २,५०० असे चार महिने, म्हणजे गाव उधारीवर असतं तेव्हा गल्ल्यातून घर खाणार नाही. केनियात याच प्रश्नावर मोठा प्रयोग चालू आहे: काहींना एकरकमी, काहींना दोन वर्षं दर महिन्याला, काहींना १२ वर्षं दर महिन्याला. सुरुवातीच्या निष्कर्षांत धंद्याची वाढ एकरकमी मिळालेल्यांत आणि १२ वर्षांची हमी असलेल्यांत चांगली दिसली, दोन वर्षांच्या मासिक मदतीत कमी. आणि १२ वर्षांवाल्यांतल्या बऱ्याच जणांनी काय केलं असेल? आपल्याकडच्यासारखी भिशी लावली आणि छोट्या-छोट्या रकमांची मोठी रक्कम करून घेतली. हे वाचलं तेव्हा मला आमच्याच गटाच्या बैठकीत बसल्यासारखं वाटलं.

अट घालू नका. पावत्या मागू नका. त्यातले ४,००० मुलीच्या चष्म्यावर आणि सहलीवर गेले तर ते पैसे वाया गेले असं समजू नका. ते नाहीतर गल्ल्यातूनच गेले असते. आणि एक गोष्ट फार जपा: फलक नको, फोटो नको, देवळासमोर नारळ फोडून धनादेश देणं नको. गावात बाकीच्यांची नावं कळली तर त्यांना फक्त संकोच वाटेल. दुकानदाराचं नाव कळलं तर दुसऱ्या दिवसापासून उधारी वाढेल. ‘तुला तर आता तीस हजार मिळालेत’ असं म्हणून माणसं निःसंकोच माल नेतात, आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

नंतर हिशेब तपासायला मुद्दाम कुणाला पाठवू नका. यात्रेला तुम्ही सगळे गावी जाताच. दरवर्षी पुण्याहून गाडीत भरून नेता ते तेल, साखर, पोहे, अगरबत्ती या वेळी नेऊ नका. त्या दुकानातून घ्या आणि रोख द्या. सामान बांधून होईपर्यंत काउंटरपाशी उभं राहावं लागेलच, तेवढ्यात वरच्या फळीवरून एखादं खोकं काढायला सांगा. ते दोन्ही हातांनी उतरवावं लागलं तर आत माल आहे.